मोटारसायकलच्या शर्यती आणि तरुण स्वारांची घडण

दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर २४ सप्टेंबर २०२३ रोजीं मोटोजीपी या सर्वोच्च वर्गाची मोटारसायकल-शर्यत भारतांत प्रथमच झाली. ऊन इतकें कडक होतें कीं शर्यतीचे फेरे चोवीसांवरून एकवीसांवर आणावे लागले. पहिला आला इटलीचा मार्को बेझेक्की, दुसरा स्पेनचा होर्हे मार्तीन. त्या वेळचा जगज्जेता, इटलीचाच फ्रांचेस्को बान्याया, घसरून पडला आणि शर्यतीबाहेर गेला. हे तिघेहि भारतांतील प्रेक्षकांना परके. परंतु एका अर्थीं ते तितके परके नव्हते. पोरवयांत ज्या यंत्रावर बसून या तिघांनीं जागतिक शर्यतींचे धडे गिरविले, त्या यंत्रावर मुंबईच्या महिंद्र कंपनीचें नांव होतें.

ही हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. महिंद्र कंपनीनें २००८ सालीं पुण्याच्या कायनेटिक मोटर कंपनीचा दुचाकीचा धंदा विकत घेतला. ‘कायनेटिक होंडा’ ही गाडी ज्या घरांत एके काळीं नव्या सुनेइतक्या कौतुकानें आणली गेली अशीं घरें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. त्याच धंद्याचा हा पुढचा अध्याय. तीन वर्षांनीं, २०११ सालीं, कंपनी १२५ सी. सी. वर्गाच्या जागतिक शर्यतींत उतरली. असें धाडस करणारी ती पहिली भारतीय कंपनी होय. पुढच्याच वर्षीं तो वर्ग बंद होऊन त्याच्या जागीं २५० सी. सी. च्या एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक यंत्रांचा ‘मोटोथ्री’ हा वर्ग आला. त्यासाठीं कंपनीनें स्वित्झर्लंडमधील सूटर कारखान्याच्या साह्यानें नवें यंत्र करविलें. २०१३ सालीं मलेशियांत पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा त्यावर तिसरा आला. पुढें स्पेनच्या आस्पार संघानें हीं यंत्रें घेतलीं आणि २०१५ व २०१६ या दोन वर्षांत बान्याया आणि मार्तीन हे दोघे त्या संघाकडून तीं चालवीत होते. २६ जून २०१६ रोजीं हॉलंडमधील आसेन येथें एकोणीस वर्षांच्या बान्यायानें महिंद्रला पहिला जागतिक विजय मिळवून दिला. बेझेक्की २०१७ सालीं त्याच बनावटीच्या यंत्रावर जपानांत तिसरा आला. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीनें हा उद्योग आवरता घेतला. दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बिंडरहि कांहीं काळ याच यंत्रावर होता. ऑलिव्हेरा, बिंडर, बान्याया, मार्तीन, बेझेक्की, या पांचहि जणांनीं पुढें सर्वोच्च वर्गाच्या शर्यती जिंकल्या. बान्याया २०२२ व २०२३ सालीं आणि मार्तीन २०२४ सालीं जगज्जेता झाला.

पांच स्वार, आणि त्यांत भारतीय एकहि नाहीं. चेन्नईचा शरत्कुमार २०११ सालींच जागतिक शर्यतींत उतरलेला पहिला भारतीय ठरला खरा. पण तो दुसऱ्या संघाकडून, दुसऱ्या बनावटीच्या गाडीवर. घोडा मुंबईचा आणि स्वार परमुलखाचा, असा हा प्रकार झाला. याबद्दल कंपनीला देशाभिमानाचा पाठ देणें सोपें आहे, पण तें अन्यायाचें होईल. शर्यतीला निघालेला धनी स्वार निवडतो तो घड्याळ पाहून. आणि पंधराव्या वर्षीं घड्याळाला उतरेल असा स्वार हवा असेल तर त्याची घडण पांचव्या-सहाव्या वर्षीं सुरू व्हावी लागते. ती घडण कोणी करावयाची, हा खरा प्रश्न आहे.

फार जुन्या काळीं हा प्रश्नच उद्भवला नव्हता. मोटारसायकलस्वारांच्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ १९०४ सालीं पॅरिस येथें निघाला, १९०७ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यत सुरू झाली, आणि १९४९ सालीं जागतिक अजिंक्यपद अस्तित्वांत आलें. त्या पहिल्या वर्षीं ५०० सी. सी. वर्गांत जिंकणारा इंग्रज स्वार लेस्ली ग्रॅहॅम सदतीस वर्षांचा होता. महायुद्धांत त्यानें बाँबफेकी विमान चालविलें होतें. शर्यतीचा स्वार म्हणजे कारखान्यांतला कारागीर, गॅरेजवाला, किंवा लष्करांतून परतलेला प्रौढ गृहस्थ. त्याला कोणी घडवीत नसे. तो आपल्या खर्चानें, आपल्या हाडांच्या जोखमीवर घडे. याच्या उलट २०१३ सालीं स्पेनचा मार्क मार्केझ सर्वोच्च वर्गाचा जगज्जेता झाला तो विसाव्या वर्षीं. सदतीस आणि वीस या दोन आंकड्यांच्या मध्यें या खेळाचा सारा इतिहास सामावलेला आहे.

हा पालट घडविला मुख्यतः स्पेननें. त्या देशांत डर्बी, बुल्टाको अशा लहान गाड्यांचे कारखाने होते, आणि आंखेल निएतो नांवाच्या स्वारानें ५० व १२५ सी. सी. या लहान वर्गांतच तेरा जागतिक अजिंक्यपदें मिळवून पोराटोरांना वेड लावलें होतें. पुढें १९८५ सालीं हेरेझ, १९९१ सालीं बार्सेलोनाजवळ मोंतमेलो, १९९९ सालीं व्हॅलेन्सियाजवळ चेस्ते असे कायमचे मार्ग तयार झाले. परंतु नुसते मार्ग बांधून स्वार होत नाहींत. १९९९ सालीं अल्बेर्तो पुइग या निवृत्त स्वारानें एका दूरध्वनी कंपनीच्या पैशावर नवख्या मुलांसाठीं एक शर्यतमाला काढली. सगळ्यांना एकाच जातीच्या गाड्या, एकाच जातीचे टायर. त्या मालेंत दानी पेद्रोसा नांवाचा एक किरकोळ अंगाचा मुलगा आठवा आला. आठव्या क्रमांकाच्या मुलाला पुढच्या वर्षीं कोण विचारतो? पुइगनें विचारलें. क्रमांकापेक्षां वळण घेतांना मुलाचें डोकें कोठें आहे हें त्यानें पाहिलें असावें. २००१ सालीं पेद्रोसा जागतिक शर्यतींत होता. २००३, २००४ आणि २००५ या लागोपाठ तीन वर्षांत तो खालच्या दोन वर्गांचा जगज्जेता झाला. मार्केझच्या बाबतींत कॅटलोनियाच्या प्रांतिक संघटनेनें असाच हात दिला. वस्ताद मिळाला म्हणजे काय होतें हें महाराष्ट्राला निराळें सांगावयास नको.

२००७ सालीं या कल्पनेला आंतरराष्ट्रीय रूप आलें. ‘रूकीज कप’ या नांवानें जगभरांतील मुलांची निवड करून त्यांना ऑस्ट्रियाच्या के. टी. एम. कारखान्याच्या सारख्या गाड्या द्यावयाच्या, आणि खर्च चालकांनीं सोसावयाचा. वरवर पाहतां ही गोष्ट लहान वाटते. परंतु मोटारसायकलची शर्यत हा असा खेळ आहे कीं त्यांत बापाची थैली मुलाच्या हातापेक्षां नेहमीं पुढें धांवते. महाग गाडीवर बसलेला सामान्य मुलगा स्वस्त गाडीवरच्या असामान्य मुलाला सरळ रस्त्यावर मागें टाकतो, आणि पाहणाऱ्याला खरें काय तें कळत नाहीं. सर्वांना सारखें यंत्र दिलें कीं थैली बाजूला होते आणि हात उघडा पडतो. मार्तीन हा अशा योजनेचाच मुलगा. तो २०१४ सालीं रूकीज कपांत पहिला आला व पुढच्याच वर्षीं महिंद्रच्या यंत्रावर बसला. आशिया खंडासाठीं पुइगच्याच देखरेखीखालीं २०१४ सालीं ‘एशिया टॅलेंट कप’ निघाला. त्यांत २०१६ सालीं पहिला आलेला थायलंडचा सोमकियात चंत्रा २०२५ सालीं सर्वोच्च वर्गांत उतरला. त्याच्या देशांतला पहिलाच. थायलंडांतील बुरीराम येथील मार्ग २०१४ सालींच उघडला होता. मार्ग, योजना आणि मुलगा हीं तिन्ही एका वेळीं जमलीं तर दहा-अकरा वर्षांत काय साधतें याचें हें उदाहरण युरोपांतलें नाहीं, हें महत्त्वाचें.

भारतांत या खेळाची सुरुवात विमानांच्या धांवपट्ट्यांवर झाली. दुसऱ्या महायुद्धानें ज्या वस्तु मागें ठेवल्या त्यांत ओस पडलेल्या धांवपट्ट्या होत्या. इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन ही त्यांपैकींच एक. मद्रासजवळ शोळावरम येथें अशीच एक होती. १९५३ सालीं स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबानें तेथें वर्षानुवर्षें शर्यती भरविल्या, आणि १९९० सालीं श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई येथें स्वतःचा पक्का मार्ग खुला केला. कोइमतूरचा करी मार्ग २००३ सालचा. सडकेवरील राष्ट्रीय शर्यती तेव्हांपासून मुख्यतः या दोन ठिकाणीं होत आल्या. मुंबईंत जुहूच्या धांवपट्टीवरहि एके काळीं गाड्या धांवत. मुंबई-पुण्यास पैसा मद्रासपेक्षां कमी नव्हता, हौसहि कमी नव्हती; एका क्लबानें चिकाटीनें धरून ठेवलेली जागा तेवढी नव्हती. राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविणाऱ्या सडक-स्वारांत तामीळ नांवें इतकीं कां भरलीं आहेत याचें कारण रक्तांत शोधूं नये, तें चेन्नईच्या बसमार्गांत शोधावें. मुलाला शर्यत पाहून संध्याकाळीं घरीं परत जातां येतें.

महाराष्ट्राच्या वांट्याला आलें तें यंत्र. पुण्याच्या बजाज कंपनीनें २००७ सालीं के. टी. एम. मध्यें भाग घेतला. नंतर चाकणच्या कारखान्यांतून त्या नांवाच्या लहान गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्यांतली ‘आर. सी. ३९०’ ही २०१४ सालीं जर्मनींतील मुलांच्या शर्यतमालेची ठरावाची गाडी झाली आणि २०१५ सालीं अमेरिकेंतहि तिच्यासाठीं मुलांची निराळी माला निघाली. म्हणजे चाकणच्या कामगारांनीं जोडलेल्या गाडीवर बव्हेरियाचीं आणि कॅलिफोर्नियाचीं पोरें वळणें शिकत होतीं. मूळ कंपनी २०२४ च्या अखेरीस कर्जांत बुडाली, तेव्हां २०२५ सालीं तिचा ताबाच बजाजकडे आला. ज्या कारखान्याच्या गाड्यांवर रूकीज कप उभा राहिला, त्याचा धनी आज पुण्याचा आहे.

भारतांतील योजना राष्ट्रीय म्हटल्या जातात; वस्तुतः त्या कारखान्यांच्या आहेत. टी. व्ही. एस. कंपनीची एकाच जातीच्या गाड्यांची माला १९९४ पासून चालू आहे. २०२२ पासून तिला आशियाई जोड मिळाली. होंडानें २०१९ सालीं मोटोथ्रीच्या तोडीचीं यंत्रें आणून कोवळ्या वयाच्या मुलांसाठीं ‘इंडिया टॅलेंट कप’ चालविला. पुण्याचा सार्थक चव्हाण हा मुलगा त्याच मालेंतून पुढें आला आणि नंतर टी. व्ही. एस. च्या आशियाई मालेंत धांवूं लागला. मराठी मुलाला सारखें यंत्र मिळालें तर तो मागें राहत नाहीं, इतकें यावरून नक्की म्हणतां येतें. परंतु कारखाना माला काढतो ती आपल्या गाडीच्या खपाकडे पाहून, आणि मालकाचें लक्ष दुसरीकडे गेलें कीं माला बंद होते. मुलाची घडण मात्र दहा वर्षांची असते.

सरकारनें या खेळाच्या राष्ट्रीय महासंघाला मान्यता दिली आहे. २०१९ सालीं गौरव गिल याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटारस्पर्धांतील हा पहिलाच, आणि तोहि चारचाकी चालविणाऱ्याला. २०१८ पासून भरत असलेल्या ‘खेलो इंडिया’ स्पर्धांच्या यादींत मोटारसायकल नाहीं. कबड्डी, खो-खो, कुस्ती आहेत, आणि तें योग्यच आहे. गरीब देशानें पेट्रोल जाळणाऱ्या खेळावर पैसा घालावा काय, हा आक्षेप खोटा नव्हे. मात्र ज्या देशांत दुचाकी हेंच सामान्य माणसाचें वाहन आहे, तेथें हा खेळ श्रीमंतांचा ठरावा ही विसंगतीहि तितकीच खरी.

नांदेडाहून भोकर, हिमायतनगर मागें टाकून किनवटकडे निघालें म्हणजे वाटेंत इस्लापूर लागतें. जवळच पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. अलीकडच्या कांठाला नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. अशा गांवीं तेरा-चौदा वर्षांचा पोर चुलत्याची फटफटी शेताकडे नेतो. मागें खताचें पोतें, पुढें दुधाची किटली. काळ्या मातीच्या चिखलांत मागचें चाक सरकलें तर घाबरून ब्रेक दाबावयाचा नाहीं, गाडी अंगाखालीं थोडी हलूं द्यावयाची, हें त्याला कोणी शिकविलेलें नसतें. तें त्याच्या कमरेला कळलेलें असतें. युरोपांत याच गोष्टीसाठीं मुलांना मातीच्या मार्गावर मुद्दाम घसरावयास लावतात. पण या पोराची ही विद्या कायद्यानें गुन्हा आहे. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षीं मिळतो, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. कायदा रास्त आहे. रस्त्यावर मरणाऱ्या पोरांची संख्या पाहतां तो कडकच हवा. उणीव आहे ती दुसऱ्या बाजूची. रस्त्यावर नको म्हटल्यावर ‘मग येथें चालव’ असें दाखवावयास जवळपास कुंपण घातलेला एक एकरहि नाहीं. शंकरपटाच्या धुरकऱ्याची गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तरी २०२३ सालीं त्याच न्यायालयानें राज्याचा कायदा मान्य करीपर्यंत गांवांनीं तो खेळ विसरूं दिला नाहीं. धुरकऱ्याच्या पाठीमागें गांव असतो. फटफटीवाल्या पोराच्या पाठीमागें फक्त बापाची शिवी असते.

खाशाबा जाधवांची कथा येथें आठवते. १९४८ सालीं लंडनला ते सहावे आले तेव्हां त्यांचें अंग लाल मातींत तयार झालेलें होतें आणि कुस्ती होती गादीवर. चार वर्षांनीं हेलसिंकीला त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. त्या प्रवासासाठीं राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकलें होतें. माती वाया गेली नाहीं, पण तिला गादीची ओळख करून द्यावी लागली. शाहू महाराजांनीं तालमी पोसल्या नसत्या आणि १९१२ सालीं खासबाग मैदान बांधलें नसतें, तर गहाण टाकलेल्या घराचाहि उपयोग झाला नसता.

या घडणीची दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. २०२१ या एका वर्षांत युरोपांत एकोणीस, चौदा आणि पंधरा वर्षांचे तीन स्वार मार्गावर मरण पावले. त्यांतले दोघे मुलांच्या शर्यतींत. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघानें वयाच्या मर्यादा वाढविल्या. २०२३ पासून जागतिक शर्यतीसाठीं अठरा वर्षें हें किमान वय ठरविलें व मुलांच्या मालांतील वयहि वर नेलें. ऑगस्ट २०२३ मध्यें चेन्नईच्या मार्गावर बंगळूरच्या तेरा वर्षांच्या एका होतकरू मुलाचा पडून मृत्यू झाला. सारख्या यंत्रांचा हा दुसरा परिणाम आहे. सर्वांचा वेग सारखा, म्हणून दहा-पंधरा मुलें एकाच वळणावर एकमेकांना चिकटून येतात, आणि पुढचा पडला तर मागच्याला वाट उरत नाहीं. मुलाला पडावयास शिकवितां येतें, मागून येणाऱ्या चाकाला शिकवितां येत नाहीं. अशी योजना काढणारानें डॉक्टर, रुग्णवाहिका आणि रुंद मोकळी कड यांचा खर्च आधीं मांडावा, आणि तो झेपत नसेल तर योजना काढूं नये.

मातीच्या शर्यतीला हा खर्च पुष्कळ कमी पडतो, कारण वेग कमी असतो. ‘सुपरक्रॉस’ या प्रकारांत एका मैदानांत माती टाकून उंचवटे करतात. डांबर लागत नाहीं, कोसभर जागा लागत नाहीं. पुण्यास या प्रकाराची आवड जुनी आहे, आणि तेथील ऋग्वेद बारगुजे यानें टी. व्ही. एस. संघाकडून राष्ट्रीय शर्यतींत नांव मिळविलें तें मातींतच. परदेशी स्वारांना घेऊन भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजीं झाली ती पुण्याच्या बालेवाडी क्रीडानगरींत. हें संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलें होतें. त्याच जानेवारींत अरबस्तानच्या वाळवंटांत डाकार रॅली चालू होती. तींत रॅली-२ या वर्गांत पहिला आला हरिथ नोआ, एक भारतीय. तो मूळचा सुपरक्रॉसचा राष्ट्रीय विजेता, आणि राहणारा शोरनूरचा. शोरनूर हें केरळांतलें रेल्वेचें एक जंक्शन आहे. मोठें शहर नव्हे.